शर्मिष्ठेच्या खाली तीन मुठी

कुणी लांबच्या लग्नाला जाऊन आलं की आमच्या गावात पहिली चौकशी जेवणाची होते. जिलेबी होती का, पंगत होती का बुफे, पाणी बाटलीतलं होतं का. मी तर स्वतःच्याच लग्नाला पुण्याच्या अलीकडे मोशीला जाऊन आलो, त्यामुळे मला दुप्पट प्रश्न. पारावर बसलेल्यांना मी एवढंच सांगितलं की जेवण फार चांगलं होतं, पण ते उशिरा मिळालं आणि उशीर माझ्यामुळे झाला. तेवढ्यावर कुणाचं भागलं नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलंय.

मी आठवीत शाळा सोडली आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसलो. आज हिंगोली जिल्ह्यात, सेनगावच्या पुढे, माझं स्वतःचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार लोक माझ्याकडे आणतात. मनीषा आमच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून आली तेव्हा उपकेंद्राची मोटार जळाली होती. ओळख तिथून. बारावी होऊन नर्सिंगचा कोर्स केलेली, शहराच्या कडेला वाढलेली मुलगी मला होकार देईल हे मला अजूनही सकाळी उठल्यावर एकदा आठवून पाहावं लागतं.

तिला वडील नाहीत. मोशीच्या बबनमामांनी तिला वाढवलं. बैठकीला मामा एकच बोलले होते, "हुंडा नको, मानपान नको. फकस्त आमच्यात एक रीत हाय. लगीन लागलं की नवरदेव नवरीला ध्रुव दावतो. सोता, सोताच्या बोटानं. मग पंगत बसती."

आमच्याकडे लग्नं दुपारची. भटजी "ध्रुव बघा" म्हणतात आणि मांडवाच्या कापडाकडे बोट करतात. नवरा-नवरी कापड बघतात आणि सगळे जेवायला पळतात. मामांची रीतही तसलीच असेल असं समजून मी हो म्हणून मोकळा झालो.

मोशी

लग्नाच्या चार दिवस आधी माझी माय, माझा मित्र गजू आणि मी मोशीला पोचलो. बाकीचं वऱ्हाड मागून येणार होतं. मामांचं घर म्हणजे खाली त्यांचं बिऱ्हाड, वर तीन मजले भाडेकरू. लातूरचे, नांदेडचे, एक कुटुंब तर परभणीचं. माझ्या मायनं जिन्यात "काहून गं बाई, एवढ्या पायऱ्या?" म्हटल्याबरोबर परभणीच्या बाईनं दार उघडलं आणि तिला आत ओढूनच नेलं. तिकडच्या लोकांना आपली बोली ऐकायला मिळाली की चहा फुकट असतो, हे ध्यानात ठेवा.

दुपारी मामींनी मासवडी वाढली. मायच्या गळ्यात तुळशीची माळ, तिनं नाव ऐकलं आणि ताट लांब सरकवलं. मामी हसून हसून बेजार. "अवो ताई, बेसन हाय ते! आत तीळ-खोबरं!" मग मायनं तीन खाल्ल्या. आपल्याकडे ज्वारीची भाकरी पांढरी, तिकडे बाजरीची काळपट. पण रस्सा असा की जीभ भाजली तरी माणूस थांबत नाही.

जेवताना मामांनी सहज विचारलं, "मग पाव्हणं, ध्रुव म्हाईत हाय ना?"

"हाव, म्हणजे... खाटेवरून काढतो आम्ही," मी म्हटलं. सप्तर्षीला आमच्याकडे खाट म्हणतात. चार खूर आणि मागे तीन चोर. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की खाट डोक्यावर असते. तिच्या पुढच्या दोन खुरांवरून सरळ रेघ ओढली की ध्रुव.

"बेस," मामा म्हणाले. "गोरज मुहूर्त हाय. लगीन लागस्तोवर चांदण्या आल्याच."

तेव्हा कुठे मला कळलं की मामांचा ध्रुव खरोखरचा आहे.

अंधार पडल्यावर गजू आणि मी गच्चीवर गेलो. उत्तरेला तोंड करून बघतो तर खाट नाही. मी पूर्वेला बघितलं, पश्चिमेला बघितलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी खाट आकाशात नसते हे मला माहीत नव्हतं, कारण थंडीत कोण गच्चीवर झोपतं? शिवाय मोशीचं आभाळ काळं नसतंच. चाकणच्या बाजूला कंपन्यांचा उजेड, भोसरीच्या बाजूला कंपन्यांचा उजेड. आभाळ म्हणजे पातळ ताक.

"रामेश्वर, गेलं तुझं लग्न," गजू म्हणाला.

पण मी हातानं काम करणारा माणूस आहे. म्हटलं, खाट नसली तर नसली, ध्रुव हलत नाही एवढं तर सगळ्यांना माहीत आहे. मग जो हलत नाही तो शोधायचा. मी गच्चीच्या सळईला तांब्याच्या तारेची कडी केली, तिच्यातून एकेक चांदणी धरली आणि खाली जाऊन चहा पिऊन परत आलो. एक चांदणी कडीच्या बाहेर. दुसरी बाहेर. पण उत्तरेची एक ठळक पिवळसर चांदणी कडीच्या मधोमध, जिथली तिथं. पुन्हा वाट पाहिली. तशीच. गजूनं माझी पाठ थोपटली. सात पिढ्यांत आमच्या घरात कुणी असला शोध लावला नव्हता.

खाली येऊन मी मामांना ऐटीत सांगितलं, "सापडला."

मामा वर आले, बघितलं, मिशीवर हात फिरवला. "सकाळी दावा."

"सकाळी तारा कसा दिसेल मामा?"

"तुमचा दिसंल."

सकाळी दिसला. नव्या इमारतीच्या कामावर उंच क्रेन उभी होती आणि तिच्या शेपटीला दिवा. कामगारांनी तो अजून विझवलाही नव्हता. मामा माझ्या शेजारी उभं राहून दात घासत होते. "ह्यो ध्रुव पुढल्या दिवाळीपातुर बिल्डर उतरवून नेईल, पाव्हणं. संसार तवर करायचा का?"

मी विचारलं, "मग खरा कुठं आहे?"

"त्ये तुमी सांगायचं," म्हणून मामा खाली गेले.

चाकण

त्या दिवशी मामांनी मला चाकणला पत्रिका वाटायला बरोबर घेतलं. रस्त्यावर ट्रक एवढे की मोटारसायकल चालवण्यापेक्षा ढकलणं सोपं. मामा मागे बसून माझ्या कानात गावं सांगत होते. इथं बटाटा व्हायचा, इथं ज्वारी. मला दिसायचे ते नुसते पत्र्याचे लांबच लांब शेड आणि गेटवर शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणारी पोरं. त्यात आमच्याकडचीही असतील. मान खाली, कानात वायर, हातात डबा. मला उगीच भरून आलं. माझं दुकान गावातच चाललं हे माझं नशीब.

एका कुंपणाशी मामांनी गाडी थांबवायला लावली. आत नव्या कोऱ्या गाड्या ओळीनं उभ्या, त्यांच्यावर अजून प्लास्टिक. चार कोपऱ्यांना चार उंच खांब, प्रत्येकावर दिव्यांचा घोस.

"हितं आपलं खळं व्हतं," मामा म्हणाले. "माझं लगीन हितंच लागलं. खळ्यावर."

"आणि ध्रुव?"

"शेजाऱ्याच्या चिंचंवर. खळ्याच्या मधल्या खांबापाशी, मेढीपाशी हुबं ऱ्हायलं की बरुबर शेंड्यावर." त्यांनी हात वर केला. तो हात हवेत जरा फिरला आणि खाली आला. तिथं ना मेढ, ना चिंच. गेटवरचा वॉचमन आमच्याकडे येऊ लागला तसे मामा म्हणाले, "चला, उशीर व्हतोय."

उशीर काही होत नव्हता. पण मी गाडीला किक मारली.

संध्याकाळी मनीषाचा फोन आला. ती वरच्या मजल्यावर परभणीच्या बाईकडे आणि मी खालच्या, पण हळदीआधी भेटायचं नाही म्हणून फोन.

"क्रेनचं कळलं मला," ती म्हणाली. हसू दाबत होती.

"सगळ्यांना कळलंय. भाड्याच्या खोल्यांतसुद्धा."

"घाबरू नका. तुम्ही कुठंही बोट करा. मी दिसला म्हणेन."

तिनं मायेनंच म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मला झोप येईना. ही बाई लहान लेकरांना सुई टोचताना "दुखणार नाही" असंही खोटं बोलत नाही, "थोडं दुखेल" म्हणते. तिनं माझ्यासाठी, लग्न लागून घटका होत नाही तोच, सगळ्यांसमोर खोटं बोलायचं? माझं शिक्षण कमी आहे ते आहे. पण निदान एवढी एक गोष्ट मला खरी करून दाखवता आली पाहिजे, असं मनानं घेतलं.

देहूरोड

तोड मामींनी काढली. दुसऱ्या दिवशी मामा बाहेर गेल्याचं बघून त्या हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ हाय देहूरोडला. मिलिट्रीत हवालदार व्हता. पत्रिका द्यायची ऱ्हायलीय म्हना आन् जा. सांच्यालाच जा."

बसच्या खिडकीतून पिंपरीकडच्या जुन्या कारखान्यांची छपरं दिसली. नव्या शेडसारखी सपाट नाहीत, करवतीच्या दात्यांसारखी. चढ, उतार, चढ, उतार. गजू म्हणाला, "असल्या छपराचे पत्रे बसवायला किती मजूर लागले असतील?" आम्ही तेच मोजत गेलो.

देहूरोड म्हणजे शहराच्या मध्ये ठेवलेला शांत तुकडा. लष्कराची हद्द, मोठी झाडं, भिंती, आणि मुख्य म्हणजे अंधार. हवालदारांची बाजाराच्या मागे पिठाची गिरणी. अंगावर पीठ, मिशा पांढऱ्या. त्या पिठानं का वयानं ते कळत नव्हतं. पत्रिका घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बबनराव छळतोय व्हय? चल."

गिरणीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला उत्तरेला तोंड करून उभं केलं.

"काय शोधतोयस?"

"खाट."

"खाट थर्ड शिफ्टला येते. मध्यरात्र उलटल्यावर. आत्ता तिची ड्युटीच नाही, सापडेल कशी? ध्रुवाच्या एका अंगाला खाट, दुसऱ्या अंगाला शर्मिष्ठा. एक खाली गेली की दुसरी वर. पहारा बदलतो, पण जागा मोकळी राहत नाही."

"शर्मिष्ठा कशी असते?"

"पाच तारे. आम्हाला फौजेत डब्ल्यू म्हणून शिकवला. पण तो असा डोक्याकडे चढला की उलटा होतो. एम. बघ, उत्तरेलाच, पण चांगली उंचावर. जरा उजवीकडे कललेली."

मी बघत राहिलो. आधी नुसते ठिपके. मग एक चढ दिसला. उतार दिसला. परत चढ, परत उतार. आणि मी ओरडलो, "गजू! कारखान्याचं छप्पर!"

"आयला," गजू म्हणाला. "दोन दात्यांचं."

एकदा दिसल्यावर ती अशी ठळक झाली की आधी कशी दिसली नाही याचंच नवल. एक दाता टोकदार, एक जरा पसरट. हवालदार खूश झाले. "आता मधला कोन बघ, दोन छपरांच्या मधली पन्हळ. तिच्यातून पाणी पडलं तर कुठं पडेल? तिथून सरळ खाली. हात लांब कर, मूठ वळ. मुठीखाली मूठ, तीन मुठी."

मी मुठी मोजल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्या मुठीखाली एकच तारा होता. एकटा, साधा, बेताच्या उजेडाचा. गावात मी त्याला शेकडो वेळा बघितलं असेल, पण खाटेच्या आधारानं. असा एकट्यानं कधी नाही.

"हाच?" मी विचारलं. "मला वाटलं मोठा असेल."

"मोठा नाही. जागेवर असतो, एवढंच त्याचं," हवालदार म्हणाले. "आणि ध्यानात ठेव, मोशीच्या उजेडात छपराचा पाचवा तारा जाईल. चारावर भागव."

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी गजूच्या हातात बाजरीच्या पिठाची पिशवी दिली, मामींसाठी. पुढच्या संध्याकाळी मोशीच्या गच्चीवरून मी एकट्यानं शर्मिष्ठा शोधली. चार तारे, तीन मुठी, ध्रुव. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तोच.

आळंदी रस्ता

लग्न आळंदी रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. आपल्याकडे मांडव, तिकडे लॉन्स. हिरवळ, कारंजी, दारात पुठ्ठ्याचे हत्ती. आमचं वऱ्हाड दोन गाड्या भरून आलं आणि हत्तींपाशी फोटो काढत बसलं. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. मनीषाच्या शालूला माझ्या उपरण्याची गाठ. बुफेच्या भांड्यांची झाकणं लागलेलीच, आणि त्यांच्यापुढे दोन्हीकडची मंडळी ताटल्या धरून उभी.

मामा पुढे आले. फेटा, पांढरा सदरा. "व्हय पाव्हणं. दावा."

गजूनं आधीच डेकोरेशनवाल्याला पटवून ठेवलं होतं. त्यानं झगमग दिवे बंद केले. "लाईट गेली! जनरेटर लावा!" असा एकच गलका झाला.

मी उत्तरेला तोंड केलं. शर्मिष्ठा होती. चार तारे, दोन दाते, जशीच्या तशी. मधल्या कोनापासून हात लांब करून मूठ धरली. एक. दोन. तिसऱ्या मुठीखाली एका इमारतीचा आठवा मजला आला. गुलाबी पडदा असलेली खिडकी.

पुन्हा मोजलं. तीच खिडकी. पडद्यामागे कुणीतरी टीव्ही बघत होतं.

मी गच्चीवरून सराव केला होता, पण लॉन्सवर येऊन एकदाही बघितलं नव्हतं. वाइंडिंग करताना मोटार कुठल्या विहिरीत सोडायची ते न विचारल्यासारखं.

"दिसला का गं?" मामांनी मनीषाला विचारलं.

ती माझ्या बोटाकडे बघत होती. फोनवर काय म्हणाली होती ते तिलाही आठवत असणार. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको.

"नाही मामा," ती म्हणाली. "खिडकी दिसतेय."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "क्रेनवरून खिडकीवर आले!" आमच्या बाजूचे काही चुळबुळले. माझी माय पदराला पीळ घालत होती.

पण खरं सांगतो, त्या क्षणाला माझी भीती गेली. कारण तारा कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. आड काय आलंय तेही ठाऊक होतं. मग अडचण ताऱ्याची नव्हतीच, आमच्या उभं राहण्याच्या जागेची होती.

"मामा," मी म्हटलं, "ध्रुव त्या बिल्डिंगच्या मागं आहे. तो सरकणार नाही. आपण सरकू."

आणि मी चालायला लागलो. गाठ बांधलेली, त्यामुळे मनीषाला यावंच लागलं. एका हातात शालू, दुसऱ्या हातानं माझा दंड धरून ती पुठ्ठ्याच्या हत्तींमधून बाहेर आली. मागे मामा, मामी, माय, गजू, भटजी, आणि त्यांच्यामागे ताटल्या घेतलेलं सगळं वऱ्हाड. आम्ही रस्त्यावर आलो आणि कडेकडेनं पूर्वेला निघालो. मी चालताना मान वर करून. टँकरवाल्यानं हॉर्न दिला. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "राव, वरात उलटी चाललीय का?" गजू म्हणाला, "चांदणी बघायला चाललोय, भावा." तो रिक्षा लावून आमच्यात सामील झाला.

जसजसे आम्ही पुढे गेलो तसतशी इमारत डावीकडे सरकली. मुठी पहिल्यांदा भिंतीवर, मग बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, मग इमारतीच्या कोपऱ्यावर. एका बंद भंगाराच्या दुकानापाशी, जिथे रस्त्याचा दिवा गेलेला होता, मी थांबलो. मूठ धरली. एक, दोन, तीन. कोपऱ्याच्या बाजूला, उघड्या आभाळात, तो होता.

मी मनीषाच्या डोळ्यांपाशी माझा दंड नेला आणि बोट केलं. "ती वरची दोन छपरं दिसतात? त्यांच्या मधून सरळ खाली."

तिनं माझ्या बोटाच्या रेषेत मान तिरकी केली. मग म्हणाली, "एकटाच आहे तो? बिल्डिंगला चिकटून?"

"तोच."

"दिसला, मामा," ती म्हणाली. आवाज असा स्वच्छ की मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

मागून ओरडा झाला, टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टी मारली. "चला जेवायला!" म्हणून मंडळी वळलीसुद्धा. भटजी सगळ्यांत पुढे.

मामा वळले नाहीत. फेटा मागे सारून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. वर बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"कुठशी म्हनलात?"

मी पुन्हा दाखवला. छपरं, मधला कोन, एकेक मूठ. त्यांचा हात धरून त्यांच्याच मुठीनं मोजलं. शेतात राबलेली ती मूठ माझ्या मुठीपेक्षा मोठी होती, म्हणून तिसरी जरा आवळून धरायला सांगितली. मामांनी मुठीखाली डोळे बारीक करून बघितलं.

"चिंच गेली तवापून घावला नव्हता," ते म्हणाले.

मनीषानं हळूच गाठ सैल केली, म्हणजे मला मामांच्या बाजूला वळता यावं. लांब लॉन्सवर दिवे लागले, झाकणं उघडल्याचे आवाज आले. माय हाका मारत होती. मी हात खाली घ्यायला लागलो तसं मामांनी कोपराला धरलं.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं. जरा वेळ तसाच धरा. जेवतील ते."

मी हात वर धरून उभा राहिलो.